सोलापुरात आठ जणांचं जेवण: कुठे बसावं, काय मागवावं?

पाहुणा_पुण्याचा: शनिवारी संध्याकाळी पोहोचतोय, रविवारी चारला निघणार. पाच जण मटण खाणारे, त्यात कवळी लावणारे आजोबा. दोघे शाकाहारी आणि सहा वर्षांची मुलगी. पनीर-नान नको, खानावळीचं सोलापुरी जेवण हवं.

मालदांडी: मटण रविवारी दुपारी खा, शनिवारी नको. शनिवार पाळणारी घरं पुष्कळ, खप कमी, म्हणून त्या रात्री पुन्हा गरम केलेला रस्सा पानात येण्याची शक्यता जास्त. रविवारी माल ताजा असतो. साडेबाराला जाऊन बसा. दीडनंतर गर्दी उसळली की मटण घाईत उतरवतात आणि ते हाड सोडत नाही.

सावजी, म्हणजे झणझणीत मटणाच्या, खानावळी शहरात भरपूर आहेत. नावापेक्षा भाकरीकडे बघा. बाई समोर बसून थापत असेल तिथे बसा, गठ्ठा फडक्यात बांधून ठेवला असेल तिथून उठा. ज्वारीची भाकरी निवली की वातड होते, म्हणून माणशी एक-एकच सांगायची, संपत आली की पुढची. पापुद्रा उचलल्यावर आतून वाफ आली पाहिजे.

पाच जणांना किलोभर मटण पुरतं. सकाळीच फोन करून तीन गोष्टी सांगा. मुलीसाठी आळणी बाजूला काढा: हळद, मीठ, आलं-लसणात शिजलेल्या मटणाचं ते पाणी मसाला पडायच्या आधीच काढावं लागतं. ऐन वेळी मागितलं तर रश्शात गरम पाणी ओतून आणतात, तिखट तेवढंच राहतं. आजोबांना सीना (छातीचं) आणि चाप (बरगडीचं) द्या, रानाचे म्हणजे मांडीचे तुकडे चिवट लागतात. आणि तर्री वेगळ्या वाटीत.

पूर्वभाग: शनिवारची रात्र मग शाकाहारी करा, दोघांना उगाच डाळ-भातावर ठेवू नका. भरलं वांगं, पिठलं, शेंगदाण्याची आमटी, ठेचा, कडक भाकरी (वाळवलेली, कुरकुरीत), दही, शेंगा चटणी. चटणी उखळात कुटलेली आहे का विचारा. कुटताना दाण्याचं तेल सुटतं, चिमटीत दाबली की गोळा होतो आणि बोटाला तेलाची चकाकी राहते. मिक्सरची कोरडी भुकटी होते, घशात बसते. जिभेवर खवट लागली तर परत पाठवा, दाणे जुने आहेत.

वेशीवरचा: शिक, म्हणजे सळईवर भाजलेलं मटण, खाल्ल्याशिवाय परत जाऊ नका! विजापूर वेशीकडे संध्याकाळी निखाऱ्यावर भाजतात. एकदम दोन प्लेट सांगू नका, थंड झालं की चरबी थिजते. कांदा-लिंबू मागून घ्या.

मालदांडी: शिक मलाही आवडतं, पण कवळीला ते नको.

पाहुणा_पुण्याचा: मग कडक भाकरी आजोबांना कशी जमणार? आणि संक्रांतीच्या सुमारास यायचं झालं तर?

पूर्वभाग: पानात चुरा, वरून गरम आमटी ओता, चार-पाच मिनिटं झाकून ठेवा. आमटी कोमट असेल तर कडा तशाच टणक राहतात आणि कवळीखाली टोचतात. त्यामुळे वाटी वाफाळती मागा. त्यांच्यासाठी ठेचा बाजूलाच.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. मंदिराच्या आसपास गाडी नेऊ नका, जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडे जेवा. त्याच दिवसांत शेतांवर हुरडा असतो, तो सकाळी खायचा. कोवळं कणीस आरात भाजून चोळलेलं, गरम असतानाच. दुपारपर्यंत त्याचा गोडवा उतरतो.

मालदांडी: घरी न्यायला कडक भाकरी घेणार असाल तर पावसाळ्यात हवाबंद डब्यात भरा, सादळते. सादळलीच तर मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून घ्या.