मामांचा जुना रेकॉर्ड प्लेअर : स्पीड पडतोय, रेकॉर्डी खराब व्हायच्या आधी सल्ला हवाय

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. दिवाळीच्या साफसफाईत मामांकडे माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली, आत साठेक रेकॉर्डी आणि एचएमव्हीचा सूटकेससारखा प्लेअर. मामा म्हणे, "भाचा, तूच लई जाय, नही ते भंगारवाला लई जाई."

आणला, पुसला, रात्री एक एलपी (सावकाश फिरणारी, बरीच गाणी मावणारी रेकॉर्ड) लावली आणि खरं सांगतो, तेव्हापासून वेडच लागलंय. सुई टेकली की आधी ती चुरचुर, मग गाणं. मोबाईलवर मी अर्धं गाणं ऐकून पुढे ढकलतो, इथे वीसेक मिनिटांची बाजू संपेपर्यंत बसायचं, मग उठून उलटी करायची. आई स्वयंपाक सोडून येऊन बसली. पुढचं गाणं कुठलं ते तिला आधीच माहिती, आणि एका जागी सुई अडकते ना, तिथला शब्द ती लहानपणापासून तसाच दोनदा म्हणते! मला इतकी वर्षं वाटायचं गाणंच तसं आहे.

आता अडचण. दहा मिनिटं झाली की स्पीड पडतो, गाणारीचा आवाज जाड होत जातो. इथल्या एका रिपेअरवाल्याकडे नेलं तर त्याने आर्मवर (सुई धरणाऱ्या दांडीवर) एक रुपयाचं नाणं चिकटवून दिलं, म्हणे सुई उडणार नाही. ते बरोबर आहे का? दुसरं म्हणजे सुईच्या शेजारी एक छोटी कळ आहे, फिरवली की सुई उलटी होते, ती कशाला? 7-8 रेकॉर्डी जाड, जड अशा 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) आहेत, त्यात बालगंधर्वांची एक आहे, ती लावायची हिंमतच होत नाहीये. त्यावर पांढरी बुरशी आहे, स्पिरिटने पुसू का? आणि एक एलपी पत्र्याखालच्या उन्हाने वाटीसारखी झालीये. प्लीज सांगा, घाई आहे असं नाही पण वाट बघतोय.

प्रतिसाद १ (धुळे) :
दादा, आधी ते नाणं काढ. आजच. जास्त वजनाने सुई खाचा खरवडते, आणि गेलेली खाच परत येत नाही. कळ म्हणजे एका बाजूला एलपीची बारीक सुई, दुसऱ्या बाजूला 78 ची जाड. 78 च्या खाचा जवळजवळ तिप्पट रुंद असतात, म्हणून बारीक सुई तळाशी घसरत जाते. कळीवर आकडा असेल, बघून लाव.

78 ला स्पिरिट अजिबात नको! ती लाखेची असते, आणि आपले सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात, म्हणजे काय होईल ते कळलं असेल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक थेंब सौम्य साबण, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पूस, मधलं लेबल कोरडं ठेव, लगेच टिप. पडली तर काचेसारखी फुटते, गादीवर बसून कर.

स्पीडचं कारण बहुतेक आतलं रबरी चाक. मोटरला टेकून तेच प्लेटर (रेकॉर्ड ठेवायची गोल थाळी) फिरवतं, वर्षं झाली की कडक आणि गुळगुळीत होतं. प्लग काढून प्लेटर उचल, चाकाची कड बारीक सँडपेपरने हलकी घास, मोटरच्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. रबराला तेल लागू देऊ नको, लागलं तर आणखी घसरेल. वाकडी एलपी दोन काचांमध्ये ठेवून बघ, खात्री नाही. उन्हात ठेवू नको. बाकीच्या उभ्या ठेव, कूलरच्या खोलीत नको, बुरशी तिथूनच येते.

मूळ धागाकर्ता :
नाणं काढलं. चाक घासलं, तेल टाकलं, एक पूर्ण बाजू एकसारखी वाजली. बालगंधर्वांची पुसून सुकत ठेवलीये. आई म्हणते लावायची तेव्हा मामांना बोलव, ते रविवारी येताहेत.