'बोर्ड' हा मराठी शब्द आहे की नाही?

अनगोळकर

माझी पुतणी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सातवीला आहे. 'माझे गाव' या निबंधात तिनं लिहिलं, "वेशीजवळ गावाच्या नावाचा बोर्ड आहे." बाईंनी 'बोर्ड'भोवती लाल गोल काढला, वर 'फलक' लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. मार्काचं काही नाही. पण पोरगी विचारते, "काका, मग आपण घरात चुकीचं बोलतो काय?" नाही, असं मी तिला सांगितलं. का, ते इथं मांडतो. पटत नसेल त्यांनी खुशाल विरोध करावा.

बोर्ड इंग्रजीतून आला यात वाद नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लाकडाची फळी. फळीचं टेबल करायचे, म्हणून टेबलालाही बोर्ड. टेबलावर जेवण यायचं, म्हणून जेवणाला बोर्ड. त्याच टेबलाभोवती बसून कारभार बघणारी माणसं, तर त्या माणसांच्या समितीलाही बोर्डच. ईस्ट इंडिया कंपनीच्या इथल्या कारभारावर लक्ष ठेवायला १७८४ साली लंडनमध्ये 'बोर्ड ऑफ कंट्रोल' नेमलं ते याच अर्थानं. पुढं मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्यानं लोकल बोर्डं आली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. आमच्या आजोबांच्या तोंडी 'लोकल बोर्डाची शाळा' असंच होतं, आणि कॅम्पात गेलात की आजही कँटोन्मेंट बोर्ड आहेच.

एवढी वर्षं तोंडात असलेला शब्द नुसता मुक्कामाला राहत नाही. बोर्डावर, बोर्डाखाली, बोर्डाला बसलाय, बोर्डाचा निकाल. विभक्ती आपली, क्रियापद आपलं. 'बोर्डात आली' म्हणजे गुणवत्ता यादीत आली, हा अर्थ तर इंग्रजीत सापडायचाच नाही, तो मराठी माणसानं घडवला. अशा शब्दाला लाल गोल का?

निपाणीची शिक्षिका

दादा, त्या बाई मी नव्हे, पण मीही तो गोल काढला असता.

तुम्ही शब्दाचा इतिहास सांगितलात, मी वहीतली परिस्थिती सांगते. एका मुलानं लिहिलं होतं, "बोर्डावर बोर्डाची सूचना लावली." काय समजायचं? त्याला म्हणायचं होतं, फळ्यावर मंडळाची सूचना लिहिली. मराठीत या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांना वेगळे शब्द आहेत. वर्गात फळा, दारावर पाटी, रस्त्यावर फलक, परीक्षा घेणारं मंडळ. मुलं या चारही ठिकाणी बोर्ड लिहितात, आणि बाकीचे शब्द विचारले तर गप्प बसतात. पाटी म्हणजे फक्त आजीच्या वेळची दगडी पाटी, एवढंच त्यांना ठाऊक असतं.

पुण्यातल्या मुलाला चारी बाजूंनी मराठी वाचायला मिळतं. आमच्या मुलाला कचेरीचा कागद कन्नडमध्ये येतो, बसचं नाव कन्नडमध्ये, मोबाइल इंग्रजीत. कन्नड यावी, उत्तम यावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लिहिण्याची मराठी त्याला फक्त शाळेच्या वहीत भेटते. तिथंही 'चालतंय की' म्हटलं तर फळा, पाटी, मंडळ हे शब्द तो कुठं शिकणार? बोर्ड त्याला येतोच. जे येत नाही ते शिकवणं हे माझं काम.

पत्रा आणि ब्रश

मी बोर्ड रंगवतो. खडेबाजारापासून शहापूरपर्यंत बरेच बोर्ड माझ्या हातचे होते, आता फ्लेक्समुळे कमी झाले.

बाई, तुम्ही म्हणता ते वहीसाठी ठीक असेल. पण 'फलक रंगवून द्या' असं म्हणत गिऱ्हाईक माझ्याकडं कधी आलेलं नाही. पूर्वी लाकडावर काम असायचं तेव्हा सुतार मला फळी द्यायचा. अस्तर मारून, घासून, अक्षरं काढून झाली की तिचा बोर्ड व्हायचा. फळी आणि बोर्ड यात आम्ही कधी गोंधळ केला नाही. पाटी म्हटलं की आमच्यात लहान वस्तू, घराच्या दारावर नाव लिहितात ती. दुकानावर बारा फुटाचं असतं त्याला पाटी म्हटलं तर मालकाला राग येईल.

आता तर बोर्ड म्हटलं की आधी मापाचं बोलणं निघतं. २०२४ साली कर्नाटकच्या कन्नड भाषेच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून ६० टक्के जागा कन्नडला, तीही वरच्या बाजूला. पत्र्यावर टेप लावून ती जागा आधी आखून घ्यायची. मग दोऱ्याला खडू लावून सूत मारायचं. मराठीला एक लांब शिरोरेघ मिळाली की अक्षरं तिला धरून येतात. कन्नडमध्ये प्रत्येक अक्षराचं तलकट्टु, म्हणजे डोक्यावरची खूण, वेगळं आणि अक्षरं रुंद, जागा जास्त जाते. उरलेल्या पट्टीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसवायची म्हणजे ब्रश बारीक घ्यावा लागतो. ज्या वस्तूवर आम्ही एवढं डोकं लावतो तिचं नाव आमच्या धंद्यात बोर्ड आहे. ते चुकीचं कसं?

खानापूर रानवाट

फलक म्हटलं की मराठी टिकते असं समजणाऱ्यांसाठी थोडं कन्नड सांगतो. सरकारी कन्नडमध्ये दुकानाच्या बोर्डाला 'नामफलक' म्हणतात. म्हणजे जो कायदा मराठीची जागा कमी करतो असं आपण म्हणतो, त्यातही फलकच आहे. आणि रस्त्यावरचा कन्नड माणूस काय म्हणतो? 'बोर्डु'. दोन्हीकडं कागदावर संस्कृत, तोंडात इंग्रजी.

अजून एक. कन्नडमध्ये फळीला 'हलगे' म्हणतात आणि शाळेतल्या फळ्याला 'कप्पु हलगे', काळी फळी. हलगे आणि फलक एकाच घरचे मानले जातात. आपला फळा आणि फळी तर सरळ फलकावरूनच आले. आपण मिरवणुकीत वाजवतो त्या हलगीलाही कन्नडमध्ये हलगेच म्हणतात. त्यामुळं फलक चांगला शब्द आहे, ठेवावा. पण तो ठेवल्यानं कन्नडपासून वेगळेपणा राखला जातो, हे काही खरं नाही.

निपाणीची शिक्षिका

वेगळेपणाचं मी बोललेच नव्हते. तुम्ही सांगितलंत त्यानं माझंच म्हणणं पक्कं होतंय. फलकचा मूळ अर्थ फळी, बोर्डचा मूळ अर्थ फळी. लाकडाच्या तुकड्यावरून जाहिरातीच्या पाटीपर्यंतचा प्रवास आपल्या शब्दानं स्वतःच केला होता. उसनं घ्यायची गरज कुठं होती?

अनगोळकर

गरज पडली म्हणूनच तर घेतला. फलक फळीवरून पाटीपर्यंत आला, पण समितीपर्यंत आला का? जेवणापर्यंत? कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग काढलं. त्यातलं बोर्ड म्हणजे जेवणाचं टेबल. निपाणी-चिकोडीकडची किती मुलं कोल्हापूरच्या बोर्डिंगांत राहून शिकली! त्या पोरांना 'वसतिगृहात होतो' म्हणायला सांगा. ती 'बोर्डिंगात होतो' असंच म्हणणार, आणि त्या एका शब्दात त्यांची गरिबी, पंगत, शिक्षण सगळं असतं.

आणि सांबऱ्याला विमानात चढताना बोर्डिंग पास दाखवतो, ते बोर्डिंग निराळं. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे जहाजाची बाजू, कड, असाही अर्थ होता. सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला असायचं म्हणून उजवी बाजू स्टारबोर्ड. 'कड' या अर्थाचा तोच जर्मानिक शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत परत आला तो 'बॉर्डर' होऊन. आपण बॉर्डरवरची माणसं, आपल्याला बोर्ड परका कसा?

येळ्ळूरचा भाचा

बॉर्डर-बोर्ड जमवून भावनेत नेऊ नका. आमच्या येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' असं लिहिलेलं होतं, ते २०१४ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशानंतर काढलं, त्यावरून लाठीमार झाला. गावातला माणूस तेव्हा 'बोर्ड काढला' म्हणून रडत होता, पेपरात 'फलक हटवला' छापून येत होतं. दुःख एकच होतं. शब्द कुठला वापरला यावरून कुणाची मराठी कमी-जास्त ठरली नाही. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, आम्ही अजून बेळगावच म्हणतो. तोंडातला शब्द कुणी ठरवून बदलत नसतो, सरकारनं ठरवून नाही आणि शाळेनं ठरवूनही नाही.

टिळकवाडी वाचक

बदलतो, आणि ठरवूनच बदलतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी 'महापौर' दिला. मेयर रुळलेला असताना महापौर कोण म्हणणार, असंच लोक म्हणाले असतील. आज आपल्या महापालिकेत मराठीत महापौर आहे आणि कन्नडमध्येही महापौर आहे. शिक्षक, पेपरवाले, कार्यकर्ते यांनी हट्ट धरला म्हणून तो रुजला. या भागात मराठी शब्दाचा हट्ट धरायचा नाही तर मग धरायचा कुठं? नाहीतर उद्या कपाट पण इंग्रजी म्हणून सोडून द्याल, कपबोर्डवरून आलंय म्हणून.

खानापूर रानवाट

कपाट संस्कृत आहे. मूळ अर्थ दाराची फळी, देवळाची कपाटं उघडली असं म्हणतात ते. कपबोर्ड म्हणजे कप ठेवायची फळी. आवाज जुळतो, नातं काही नाही. सोडायचा प्रश्नच येत नाही.

अनगोळकर

वाचक, महापौर एका पदाचं नाव. एक शब्द काढला, एक घातला, काम झालं. बोर्डाचं तसं नाही. स्विचचा बोर्ड, कॅरम बोर्ड, नाटकाला हाऊसफुल्लचा बोर्ड, दहावीचं बोर्ड. यातलं किती ठिकाणी फलक घालणार? वीज बिलाचं बघा. केईबी म्हणजे कर्नाटक इलेक्ट्रिसिटी बोर्ड. ते बोर्ड १९९९ साली मोडलं, २००२ पासून आपल्याकडं हेस्कॉम ही वीज कंपनी आहे. तरी लाइट गेली की गल्लीत 'केईबीला फोन लाव'. सरकारनं संस्था मोडली, शब्द मोडला नाही.

निपाणीची शिक्षिका

मी कुठं स्विचबोर्डाला फलक म्हणायला सांगितलं? कॅरम बोर्डाला मी स्वतः कॅरम बोर्ड म्हणते. जिथं आपल्याकडं जिवंत शब्द आहे तिथंच मी अडवते. फळा जिवंत आहे, आमच्या वर्गात रोज पुसला जातो. पाटी जिवंत आहे. मंडळ तर गणपतीपासून महिलांपर्यंत गल्लीगल्लीत आहे, तो शब्द परीक्षेला वापरायला काय जड जातं? पेंटरदादा म्हणाले, फळी रंगवली की बोर्ड होतो. किती नेमकं आहे ते! हाच नेमकेपणा मुलांच्या लिहिण्यात यावा म्हणून तर मी भांडते. धंद्यातल्या माणसाकडं चार वस्तूंना चार शब्द असतात. मुलाकडं एकच उरला तर त्याला चार वस्तू वेगळ्या दिसायच्याही थांबतील.

पत्रा आणि ब्रश

बाई, हे मला पटतं. पण मग मार्क कापू नका, पोरगं घाबरून लिहायचंच बंद होतं. माझ्या मुलानं तेच केलं. चुकायला नको म्हणून निबंध दोन ओळीत संपवतो.

येळ्ळूरचा भाचा

हे खरं बोललात. आमच्या गल्लीतली पोरं मराठीत बोलतात भरपूर, पेन हातात घेतलं की अडतात. घरचा शब्द लिहिला तर लाल शाई, पुस्तकातला आठवत नाही. शेवटी आईबापाला वाटतं, इंग्रजी शाळेतच घालूया. मराठी शाळांचा पट असाही कमी होत चाललाय.

निपाणीची शिक्षिका

पटाची काळजी मला तुमच्याइतकीच आहे, पुढच्या वर्षी आमचा वर्ग राहतो की जोडवर्ग होतो हे माहीत नाही. मार्क कापायचे नाहीत, मान्य. पण गोल मी काढणार, आणि समासात 'पाटी, फलक' असे दोन्ही शब्द लिहिणार. 'बोर्डाची परीक्षा' लिहिलं तर हातही लावणार नाही.

अनगोळकर

आणि पोरीनं गोल बघून विचारलं, "बाई, घरात आम्ही बोर्डच म्हणतो," तर?

निपाणीची शिक्षिका

तर म्हणेन, घरात तोच म्हण. वहीत त्याच्या शेजारी पाटी लिही, आणि उद्या येताना तुमच्या गल्लीतल्या सगळ्या पाट्या वाचून ये, कन्नडमधल्यासुद्धा.