इंदूर: मे महिन्यात गच्चीवरचे गुलाब, कळ्या उमलण्याआधीच करपतात

गच्चीवरची_बाग: १० इंची मातीच्या कुंड्या, काळी माती आणि शेणखत. संध्याकाळी एकदा बोरिंगचं पाणी. पानांवर बारीक पिवळट ठिपके आलेत, कळ्या कडेनं तपकिरी होऊन सुकतात. छाटून नवी फूट काढावी का?

मालवा_माळी: ताई, छाटणी आत्ता अजिबात नको. ४२ अंशांत कोवळी फूट करपते आणि उघड्या पडलेल्या फांद्यांची साल भाजते. मोठी छाटणी ऑक्टोबरात. आत्ता फक्त सुकलेलं फूल खुडा, पानं राहू द्या.

ठिपके लाल कोळीचे वाटतात, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या, कोळ्याच्या कुळातल्या बारीक जिवाचे. पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपके चालू लागले की खात्री झाली. हा कीटक नव्हे, म्हणून इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकानं जात नाही, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, दर तिसऱ्या दिवशी, दोन आठवडे. सोबत आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि १ मिली लिक्विड सोप, तेही ऊन उतरल्यावरच. गंधक मारू नका, या उन्हात ते पानं जाळतं.

काळी_माती: कळ्यांचं मूळ मला पाण्यात दिसतंय. काळी माती सुकली की आकसते आणि कुंडीच्या कडेनं फट पडते. पाणी त्या फटीतून थेट बुडाशी जातं, मुळांचा गोळा कोरडाच राहतो. बुडातून पाणी आलं म्हणजे झाड प्यायलं असं समजू नका. एकदा कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवा, मग फट मातीनं बुजवा आणि वर दोन इंच वाळक्या पानांचा थर द्या. पाणी सकाळी सातच्या आत. संध्याकाळी दोन इंच बोट खुपसून कोरडं लागलं तरच पुन्हा. कुंड्या विटांवर ठेवा, दुपारी ५० टक्के सावलीची हिरवी जाळी. खत पावसापर्यंत बंद.

मातीवर पांढरा थर धरत असेल तर ते बोरिंगच्या क्षारांमुळे. नळाला नर्मदेचं पाणी येईल तेव्हा झाडांसाठी बादल्या भरून ठेवा.

गच्चीवरची_बाग: कागदावर ठिपके चालले! आजपासून फवारा सुरू. देशी गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद करता येईल ना?

मालवा_माळी: हो, पण इमिडाक्लोप्रिडसारखं औषध पडलेल्या झाडाची फुलं या हंगामात नकोतच. बाकीची पहाटे, अर्धी उमललेली तोडा. ऊन चढलं की सुगंध उडतो. पाकळ्या आणि खडीसाखर समान वजनानं, थरावर थर, काचेच्या बरणीत. पाकळ्या धुतल्या तर पूर्ण कोरड्या करा, नाहीतर बुरशी धरते.