मारुती ओम्नी निळा धूर मारते, गणेश चवथीआधी इंजिन उघडू की नको? मदत हवी आहे

केरीकर
घाईत लिहितोय, शुद्धलेखन बघू नका. व्हॅन धूर मारते. निळा. पिकअप मेलाय. दोन माणसं आणि थोडा माल असला तरी चढाला पहिला गिअर टाकावा लागतो. मेस्त (मेकॅनिक) म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खाली घेऊया, बोअर मारून (सिलिंडर आतून कापून) नवीन पिस्टन, ३२ हजार. वर गाडी दहा-बारा दिवस ठेवा म्हणतो. चवथ तीन आठवड्यांवर आली. माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांचं) सामान सत्तरीतून म्हापशाला कोण नेणार, मेस्त? बोअर न मारता भागेल असं काही असेल तर सांगा. लवकर.

जुना फिटर
कुठली व्हॅन? साल? कार्बोरेटर की एमपीआय (इंजेक्शनवाली)? धूर कधी मारते: सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर, चढाला, की उतारावर पाय काढून परत दाबल्यावर? ऑइल किती पिते? मेस्तने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघितलं का? नुसतं 'धूर मारते' यावर पंचांग बघून सांगता येईल, इंजिन बघून नाही.

केरीकर
शीर्षकात ओम्नी लिहिलंय की. २००३ ची, कार्बोरेटर. मीटर ९९ हजारांवर बंद पडून चार वर्षं झाली, त्यामुळे किलोमीटर विचारू नका. धूर सकाळी भरपूर, मग कमी, घाटात परत थोडा. ऑइल पंधरा दिवसांनी अर्धा लिटर घालतो. कॉम्प्रेशन बघितलं नाही, मेस्तने सायलेन्सरला हात लावून बोटं काळी झाली ती दाखवली.

म्हापशेंकार
एवढा खर्च कशाला करतोस मरे? २०डब्ल्यू-५० जाड ऑइल घाल आणि बरोबर धूर बंद करायची बाटली मिळते ती ओत. माझी गाडी त्याच्यावर दोन वर्षं चालली.

जुना फिटर
आणि दोन वर्षांनी काय झालं तेही सांगा.

म्हापशेंकार
भंगारात दिली. पण दोन वर्षं चालली ना!

घाटावरचा
गाडी सरळ बेळगावला घेऊन या. आमच्याकडे बोअर मारणारे जुने लेथवाले आहेत, गोव्यापेक्षा स्वस्त पडेल. ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाका, क्रँक ग्राइंड करा, बेअरिंग नवीन. एकदाच करा आणि दहा वर्षं विसरा. चोर्ला घाट चढलात की दीड तासात पोचता.

केरीकर
चोर्ला चढली असती तर इथे लिहिलं असतं का? जूनमध्ये भाजी आणायला गेलो तेव्हा घाटातच पाणी उकळून उभी राहिली होती. तासभर थांबलो, पाणी ओतलं, चालू झाली. पण ते वेगळं, पंख्याची वायर निघाली होती, ती जोडली. धुराचं बोला.

जुना फिटर
हे तिसऱ्या प्रतिसादात सांगताय! 'ते वेगळं' नाही, तेच असू शकतं. पिकअप उकळण्याआधी गेला की नंतर?

केरीकर
धूर दोन वर्षं आहे, सकाळचा. पिकअप... हो, जूननंतरच.

जुना फिटर
मग या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि मेस्तने एका बिलात बांधल्या. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी भसकन धूर आणि मग कमी, ही बहुतेक वेळा व्हॉल्व सीलची खूण. रात्रीत हेडमधलं (इंजिनच्या वरच्या भागातलं) ऑइल व्हॉल्वच्या दांडीवरून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. रिंगा गेल्या की धूर भार पडल्यावर, चढाला वाढतो. तुमचा घाटातला 'थोडा' म्हणजे रिंगाही तरुण नाहीत, पण पिकअप अचानक जायचं कारण त्या नव्हेत. रिंगा हळूहळू झिजतात, एका घाटात नाही.
कॉम्प्रेशन मोजायचं गेज मिळवा. इंजिन गरम, बॅटरी चार्ज, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, मग सेल्फ मारून तिन्ही सिलिंडरचे आकडे द्या.

नियमवाला
२००३ ची गाडी म्हणजे १५ वर्षं केव्हाच झाली. नोंदणीचं नूतनीकरण केलंय ना? दर ५ वर्षांनी करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीची फी ६०० वरून थेट ५००० केली होती. आणि खासगी नंबरवर माल नेता म्हणजे तो वेगळाच विषय.

केरीकर
नूतनीकरण झालंय. हे कुणी विचारलं होतं?

ढब्बूशेट
अवांतर: मारुतीची व्हॅन १९८४ ला आली, ओम्नी हे नाव १९८८ ला मिळालं आणि २०१९ ला उत्पादन बंद झालं. हिंदी पिक्चरमधल्या प्रत्येक अपहरणाला हीच गाडी. सरकता दरवाजा हेच कारण असावं.

घाटावरचा
अवांतर कमी करा. बोअर मारायचाच आहे तर गेजचा खर्च कशाला?

केरीकर
वाळपईच्या एका गॅरेजमधून गेज आणलं. पुढचं सीट उचलून केलं. आकडे (पीएसआय): १ नंबर १०५, २ नंबर ६२, ३ नंबर ६८. सगळेच मेले आहेत. म्हणजे मेस्त बरोबर?

जुना फिटर
ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला होता का?

केरीकर
दाबायचा असतो?

जुना फिटर
देवा. थ्रॉटल बंद असेल तर हवा आत कुठून जाणार? कार्बोरेटरच्या गाडीत तर हमखास कमी दाखवणार. कुणाला तरी पेडलवर बसवा आणि परत करा. मग प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल टाकून तिसऱ्यांदा. ऑइलने रिंगेची फट तात्पुरती भरते. आकडा भरपूर वर गेला तर रिंगा, जागचा हलला नाही तर गळती वर आहे, व्हॉल्व किंवा गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग).

केरीकर
पोराला पेडलवर बसवलं. कोरडे: १५०, ९५, १००. ऑइल घालून: १६०, १००, १०५.

जुना फिटर
आता बोलता येतं. या इंजिनला १७० च्या आसपास मिळालं तर उत्तम. १ नंबरचा १५० म्हणजे वयाच्या मानाने बरा. २ आणि ३ दोघे शेजारी, दोघेही सारखेच पडलेले, ऑइल घालून हलत नाहीत. माझा पैसा गॅस्केटवर: दोघांच्या मधली पट्टी जळली असणार. चोर्ल्याला पाणी उकळलं तेव्हाच.

म्हापशेंकार
गॅस्केट गेलं असतं तर पाणी कमी झालं असतं आणि ऑइलच्या टोपीला मलई (पाणी मिसळलेल्या ऑइलचा फेस) दिसली असती. त्याने सांगितलं का तसं?

केरीकर
पाणी कमी होत नाही. टोपीला थोडी मलई आहे खरी.

जुना फिटर
दोन सिलिंडरच्या मध्ये फुटलं तर पाण्याच्या वाटेला धक्का लागत नाही, पाणी तसंच राहतं. आणि पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या टोपीला मलई येतेच, दमटपणाची. तिच्यावरून निकाल देऊ नका, दोन्ही बाजूंनी.
केरीकर, इंजिन खाली घेऊ नका. फक्त हेड उतरवा. त्याच्या खालच्या तोंडावर सपाट पट्टी ठेवून मधे फीलर गेज (जाडी मोजायचं पातं) घाला. ०.०५ मिलिमीटरचं पातं सरकलं की हेड फेसिंगला (सपाट करायला) लेथवर. हेड हातात असतानाच व्हॉल्व सील नवीन घाला आणि व्हॉल्व घासून बसवा, त्यात सकाळचा धूर संपेल. बसवताना बोल्ट टॉर्क रेंचने, मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. अंदाजपंचे आवळले तर पुढच्या घाटात परत भेटू. आणि हेड उघडल्यावर बोअरच्या वरच्या कडेला नख फिरवून बघा. नख अडकलं तर तिथे झीज आहे.

घाटावरचा
अर्धवट काम. वर कॉम्प्रेशन वाढलं की जुन्या रिंगा आणखी ऑइल ओढतील, लिहून ठेवा.

जुना फिटर
तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण त्याला चवथ पार पाडायची आहे. बोअर दिवाळीनंतरही मारता येतो.

केरीकर
नऊ दिवसांनी लिहितोय. जुन्या मेस्तने 'फक्त हेड मी करणार नाही' म्हणून हात वर केले, दुसऱ्याकडे दिलं. हेड काढलं तर २ आणि ३ च्या मधे गॅस्केट बोटभर काळं, चक्क खाच पडलेली. पातं आरामात सरकलं, म्हणून फेसिंग करून आणलं. सील, गॅस्केट, लेथ, मजुरी, नवीन कूलंट धरून ७,४०० झाले. तीन दिवस लागले, त्यातला एक लेथवाल्याच्या घरी बारसं होतं म्हणून. नख ३ नंबरला किंचित अडकलं, बाकी दोन गुळगुळीत. पंख्याची वायर नीट सोल्डर करून घेतली.
सकाळचा धूर गेला. काल पाच माणसं आणि नारळ भरून दुसऱ्या गिअरवर चढ काढला. घाटात जोर दिला की मागे थोडी निळसर झाक अजून आहे. ऑइलची पट्टी दर रविवारी बघतोय.

घाटावरचा
निळसर झाक. सांगितलं होतं.

जुना फिटर
हजार किलोमीटरला किती ऑइल जातं ते मोजा आणि इथेच लिहा. मीटर मात्र आधी दुरुस्त करा.

म्हापशेंकार
मी सांगितलेली बाटली आता तरी घाल.

ढब्बूशेट
ते सगळं राहू दे. गुरुवारी म्हापशाला येताय ना? माटोळीची कवंडळं आणि तोरिंजन आहेत का? गेल्या वर्षी मला बाजारात पोचेपर्यंत फक्त आंबाडे मिळाले.

केरीकर
कवंडळं आहेत. तोरिंजनांचं अजून ठरत नाही, पाऊस थांबला तर. पहाटे साडेपाचला या, नंतर राहत नाहीत.