सागवानी देवघर, पितळी कळस, काच: सोन्याच्या वर्खाला कुठला गम?

मिरजेची लेक
मंडळी, आजीचं सागवानी देवघर आमच्याकडे आलंय. महिरपीवरच्या सोनेरी कामाच्या खुणा तेवढ्या उरल्यात. ते पुन्हा करायचं म्हणून खऱ्या वर्खाची २५ पानांची वही आणली. आधी फळकुटावर करून पाहिलं. सुतारकामाचा पांढरा गम लावला आणि ओल्यावरच पान ठेवलं. पान सुरकुतलं, गम वर आला, सोनं मातकट दिसायला लागलं. अशी तीन पानं गेली, फार हळहळले. वरचा कळस पितळेचा आहे, मागच्या काचेवर ‘श्री’ लिहायचंय. तिन्हींना एकच गम चालेल का? आणि आईला देवघराला सरस चालणार नाही, कारण तो जनावराच्या कातड्या-हाडांचा.

चौकटवाला, कोल्हापूर
ताई, गम चुकलाच, पण वेळ जास्त चुकली. वर्खाची जाडी ०.१ मायक्रॉनच्या आसपास. ओल्या गमावर ठेवला की सोनं त्यात बुडतं, मग झळाळी यायची कुठून?

लाकडाला तेलाचं साइझ, म्हणजे वर्ख चिकटवायचा तेलाचा गम, घ्या. ते जवसाच्या तेलाचं असतं, सरस नसतो. लावल्यावर ३ तासांनी वर्खाला तयार होणारं मिळतं तसं १२ तासांचंही. नक्षीला १२ तासांचंच: रात्री लावायचं, सकाळी वर्ख. ३ तासांचं घेतलं तर एकेक खाच भरेपर्यंत ते सुकून जातं. कोरं लाकूड साइझ पिऊन टाकतं, म्हणून आधी चपडा (लाखेच्या) पॉलिशचे दोन-तीन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. साइझचा हात अगदी पातळ, ब्रश जवळजवळ कोरडा. खाचेत साठलं की वर साय धरते, आत ओलंच राहतं.

वेळ झाली हे कसं ओळखायचं? बोट मुडपून सांधा हलकेच टेकवा. ओढ लागली पाहिजे, उचलताना ‘चिक्’ वाजलं पाहिजे, पण बोटाला काही लागता कामा नये. पावसाळ्यात घड्याळावर विसंबू नका, बोटावर विसंबा.

पितळ घासून स्पिरिटने पुसा, धातूचा प्रायमर द्या, मग हेच साइझ. खऱ्या सोन्यावर वार्निश नको. नकली वर्ख पितळेचा असतो, त्याला मात्र लाखेचा हात हवाच, नाहीतर काळवंडतो. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कळस आता चिंचेने घासायचा नाही!

काचेला खरी रीत जिलेटिनची. अर्धा लिटर गरम पाण्यात औषधाच्या एक-दोन रिकाम्या कॅप्सूल विरघळवायच्या, त्या पाण्याने सोनं आरशासारखं बसतं. पण जिलेटिनही जनावराचंच. आईंचा शब्द मोडायचा नाही तर काचेच्या मागून तेलाचंच साइझ लावा, अक्षर उलटं काढून. आरसा दिसणार नाही, मऊ सोनं दिसेल. देवघरात मला तेच आवडतं.

कावेरीकाठ
मी चेन्नईत तंजावर शैलीची चित्रं काढते. दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८–१८३२) बहरलेली ही कला. आम्ही खडूच्या लेपाचा उठाव करून त्यावर सोन्याचा पत्रा बाभळीच्या जातीच्या डिंकाने चिकटवतो. डिंक झाडाचा, तेव्हा आईंना चालेल. पण तो पाण्याने सुटतो. चित्र काचेमागे असतं म्हणून आमचं निभावतं. देवघराला रोज ओला हात लागणार, महिरपीला डिंक नको.

मिरजेची लेक
काका, ताई, आभार! काल रात्री फळकुटावर तेलाचं साइझ लावलं. सकाळी सहाला बोटाला लागत होतं. आठला ‘चिक्’ वाजलं. पान टेकवलं आणि ते बसलंच! आईने चष्मा लावून पाहिलं, म्हणाली आजीच्या वेळी असंच दिसायचं. कडेला लोंबणारे तुकडे कधी झाडू?

चौकटवाला, कोल्हापूर
दोन दिवस थांबा, मग मऊ ब्रशने. आणि आता महिरप करताना निघालेला चुरा टाकू नका. साइझची ओढ आहे तोवर तोच ब्रशने खाचांतून फिरवा, पान जिथे फाटलंय तिथे तो बसतो.