यांग: माउंट पॉइंटखाली कोणती मॉड्यूल्स येणार, हे लिहायचे कुठे?

प्रश्न

नमस्कार. नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना जोडणी देणाऱ्या एका छोट्या सेवेत मी राउटर सांभाळतो. एकाच राउटरवर प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे व्हीआरएफ (स्वतंत्र राउटिंग टेबल) आहे आणि प्रत्येकाखाली राउटिंगचे तेच प्रमाणित यांग मॉड्यूल हवे आहे (यांग म्हणजे नेटवर्क उपकरणांतील डेटाची रचना लिहिण्याची भाषा). त्यासाठी 'ग्राहक' या लिस्टमध्ये मी माउंट-पॉइंट (दुसरी मॉड्यूल्स बसवण्याची जागा राखणारे) हे विधान लिहिले. परंतु तेथे कोणते मॉड्यूल बसवायचे, हे सांगणारे उपविधान काही सापडत नाही. त्याआधी ऑगमेंट (दुसऱ्या मॉड्यूलच्या रचनेत नोड जोडणारे विधान) वापरून पाहिले, तर मूळ मॉड्यूलमधले नोड एकेक करून पुन्हा लिहिण्याची वेळ आली. शिवाय यांगलिंट हे तपासणीचे साधन माझे मॉड्यूल स्वीकारतच नाही. चूक कुठे होत आहे?

उत्तर १

उपविधान सापडत नाही, कारण ते नाहीच. मार्च २०१९ च्या आरएफसी ८५२८ (इंटरनेट मानकांपैकी एक दस्तऐवज) नुसार यांगची फाइल फक्त नाव देऊन जागा राखते. तेथे प्रत्यक्षात काय बसले आहे, ते सर्व्हर स्कीमा-माउंट्स या कंटेनरमधून आणि त्या जागेतील यांग लायब्ररीतून (मॉड्यूल्सच्या यादीतून) सांगतो. याचे दोन प्रकार आहेत. इनलाइनमध्ये प्रत्येक नोंदीखालचा स्कीमा (डेटाची रचना) वेगळा असू शकतो, तर शेअर्ड-स्कीमामध्ये तो सर्व नोंदींसाठी एकच असतो. तुमचे काम दुसऱ्या प्रकारातले आहे.

मॉड्यूलच्या सुरुवातीला यांग-व्हर्जन १.१ लिहिले आहे का, तेही पाहावे. ती ओळ नसेल तर मॉड्यूल आवृत्ती १ चे मानले जाते आणि त्यात माउंट-पॉइंट निषिद्ध आहे, कारण माउंट झालेल्या मॉड्यूलमधील आरपीसी (सर्व्हरला द्यायच्या आज्ञा) चालवण्यासाठी १.१ मधील ॲक्शनचा (विशिष्ट नोडवर चालणाऱ्या आज्ञेचा) आधार लागतो.

उत्तर २

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र खरी अडचण पुढेच येईल. माउंट झालेल्या मॉड्यूलसाठी माउंट पॉइंट हेच मूळ असते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यातील भाडेकरूने आपल्या खोलीलाच वाडा समजावे, तसा हा प्रकार आहे. ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलच्या मॉड्यूलमधील लीफरेफ (दुसऱ्या नोडच्या मूल्याकडे बोट दाखवणारा प्रकार) इंटरफेसचे नाव शोधू लागतो, पण इंटरफेस तर बाहेर अंगणात असतात. त्यासाठी शेअर्ड-स्कीमाखाली पेरेंट-रेफरन्स आहे: त्यात एक्सपाथ (नोड निवडणारी पदावली) द्यायचा आणि त्याने निवडलेले बाहेरचे नोडच पडताळणीपुरते आत दिसतात. सरसकट सगळे इंटरफेस उघडे करू नका. ज्यांच्या बाइंड-एनआय-नेममध्ये (इंटरफेस कोणत्या नेटवर्क-इन्स्टन्सला बांधला आहे, ते सांगणाऱ्या नोडमध्ये) त्या ग्राहकाचे नाव आहे, तेवढेच निवडा.

स्वतःची 'ग्राहक' लिस्ट मात्र मी ठेवली नसती. आरएफसी ८५२९ मधील नेटवर्क-इन्स्टन्सेसमध्ये व्हीआरएफ-रूट हा माउंट पॉइंट याच कामासाठी तयार आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. व्हर्जनची ओळ खरोखरच राहिली होती. ती घातल्यावर मॉड्यूल स्वीकारले गेले. तरीही माउंटखालचा डेटा तपासता येईना. तेव्हा लक्षात आले की यांग लायब्ररी आणि स्कीमा-माउंट्स यांचा डेटा वेगळ्या फाइलमधून, एक्स या पर्यायाने, यांगलिंटला द्यावा लागतो. 'ग्राहक' लिस्ट काढून टाकली आणि व्हीआरएफ-रूट घेतला. मग अंबडच्या ग्राहकाच्या ओएसपीएफमध्ये सातपूरच्या ग्राहकाचा इंटरफेस मुद्दाम लिहून पाहिला. पडताळणीने तो नाकारला.