उन्हाळ्यात चितळं खातात तरी काय?

पाव्हणा_वर्धेकर: मे महिन्यात ताडोब्याला जाऊन आलो, वाघ काही दिसला नाही मग सगळा वेळ चितळंच बघत बसलो. गवत म्हणजे नुसतं काड झालेलं, हातात घेतलं तर चुरा होईल असं. तरी चितळं काही फार खंगलेली वाटली नाहीत, आमच्या घरची गाय ढेप (सरकीची वगैरे पेंड) खाऊनसुद्धा मे मध्ये यापेक्षा वाईट दिसते. हे जगतात कशावर?

मोहाखाली: भाऊ खाली नका बघू, वर बघा. चितळ पावसाळ्यात गवतच खातं, कोवळं असतं तोवर. ते वाळलं की झाडपाल्यावर येतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा पहाटे झाडाखाली हीच गर्दी, आमच्याकडे मोह वेचायला लवकर जावं लागतं ते त्यामुळंच. नंतर टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं. आणि वानरं असतील तिथं चितळं असतातच, वानर निम्मं खातं निम्मं खाली टाकतं, यांना आयती पालवी.

ढोरांचा_डॉक्टर: पोट भरणं वेगळं आणि पोसणं वेगळं. वाळलेल्या गवतात प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जंतूच उपाशी राहतात, मग कितीही काड खाल्लं तरी ते पचत नाही नुसतं पडून राहतं. तुमच्या गायीला दावणीत जे टाकाल तेच खावं लागतं, चितळ एकेक कोवळं पान निवडून खातं, फरक तिथं आहे. अभ्यास करणारे लोक लेंड्या गोळा करून त्यातला नायट्रोजन (प्रथिनांचा अंश) मोजतात, त्यावरून खाणं कसं होतं ते कळतं, फक्त पाल्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, जास्त असेल तर प्रथिनं न पचता लेंडीतच जातात आणि आकडा उगाच चांगला दिसतो. माझ्या मते मे पेक्षा जानेवारी-फेब्रुवारी जास्त कठीण, गवत वाळलेलं, पानगळ चालू आणि मोहाला अजून वेळ.

पाव्हणा_वर्धेकर: अच्छा!! मग सांबराचं पण असंच का? आणि आमचं शेत जंगलाला लागून आहे, बांधावर थोडी ढेप नि मीठ ठेवलं तर?

मोहाखाली: सांबर मुळातच पाल्यावाला, फळं खातो, तलावात उतरून पाणवनस्पती पण खातो, त्याला गवताचं तेवढं अडत नाही. खरी पंचाईत बाराशिंग्याची, तो जवळपास गवतावरच जगतो, मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात १९७० च्या सुमारास ६६ च उरले होते.

ढोरांचा_डॉक्टर: ढेप अजिबात नको!! एका जागी गर्दी झाली की गावच्या ढोरांचा लाळ्या-खुरकूत यांना, यांच्या गोचिड्या तुमच्या गोठ्यात. शिवाय एकदा वाट सापडली की हरभरा पण तुमचाच खाणार. त्यापेक्षा जंगलात उठवलेल्या गावांच्या जागी जी कुरणं झालीत तिथला तरोटा (टाकळा, हे तण) उपटायच्या कामाला जा, तो चितळ खात नाही आणि गवताची जागा मात्र खातो. पावसाळ्यात बी धरायच्या आत उपटावा लागतो.